मागाच्या खोलीतली बोली

आप्पा, काल वडगावला जाऊन आले. घर आहे तसंच आहे, मागाची खोली तेवढी मोकळी झाली आहे. तुमच्यामागे आईने दोन्ही यंत्रमाग मोडीत काढले, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. त्या जागी आता पाण्याची टाकी आहे, एक जुनी सायकल आहे आणि ते दोरा भरायचं चाक आहे, ज्यावर आई मागातून इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. त्याला काय म्हणायचे ते मला आत्ता आठवत नाही. हल्ली माझं असंच होतं, शब्द ऐनवेळी दगा देतो. तुम्ही जिथे उभे राहत होता तिथली फरशी मात्र अजून गुळगुळीत आहे. आई तिथे सामान ठेवत नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मी तिथे कशाला गेले होते ते सांगते, पण आधीचं आधी सांगू दे, नाहीतर मला धागा सापडायचा नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, बेळगावात भाषा दोनच आणि भांडण त्या दोघींचं. आपल्या घरात तिसरी होती. माग सुरू झाले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून सगळी गल्लीच हातांनी बोलायची. पण प्रत्येक घराच्या खुणा थोड्या वेगळ्या होत्या आणि आपल्या तुम्ही बसवलेल्या होत्या. दोन बोटं कात्रीसारखी उघडमीट केली की सूत तुटलं. मूठ हलवली की कांडी संपत आली. अंगठा ओठाला लावला की चहा. हनुवटीवरून हात खाली ओढला की सूत पुरवणारे मालक आले, कारण मालकांना दाढी होती. आणि पंजा आडवा धरून धोट्यासारखा इकडून तिकडे हलवला की सगळं ठीक, चालू आहे. माणसांनाही खुणा होत्या. आईसाठी डोक्यावरून पदर घेतल्यासारखा हात, माझ्यासाठी कानामागून दोन बोटं खाली, म्हणजे माझ्या दोन वेण्या. मी शाळेतून येते, दप्तर अजून पाठीवर आहे, खोलीत खडखडाट चाललेला आहे, आणि तुम्ही मान वर न करता कानामागून दोन बोटं खाली ओढता. मला हाक मारायची तुमची तीच रीत होती. माझं खरं नाव तुमच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल, शंकाच आहे.

त्या बोलीत खोटं बोलायची सोय नव्हती. सूत तुटलेलं असताना चालू आहे असा पंजा हलवला, तर साडीवर आडवी रेघ उमटायची, आणि ती रेघ पुढे सगळ्या गावाला दिसायची. म्हणून तिथे कुणी फसवत नसे. ती बोली तुम्ही खोलीबाहेरही आणली होती. दहावीच्या गणिताचा पेपर देऊन आले तेव्हा दारात माझा चेहरा बघून तुम्ही भुवया उंचावून दोन बोटांची कात्री केली. काही बिनसलं का? मीही कात्री करून दाखवली. तुम्ही माग बंद केला. दिवसाउजेडी, वीज असताना, तुम्ही आपण होऊन माग बंद केलेला मी तेवढाच पाहिला. "तुटलं तर सांधायचं गं," तुम्ही म्हणालात. "त्यात रडाय काय झालं?" मग पुन्हा माग सुरू केलात आणि त्या आवाजात मी मनसोक्त रडून घेतलं. कुणाला ऐकू गेलं नाही, ते बरंच झालं.

तुमचं डोकं दुखत होतं. हे आम्हाला माहीत होतं आणि नव्हतं. तुम्ही कपाळावर टॉवेल बांधायचात आणि मागे गाठ घट्ट ओढायचात. पण गल्लीत कितीतरी जण तसा टॉवेल बांधत. जन्मभर खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाचं डोकं दुखणारच, यात विचारायचं काय, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. आई लवंग उगाळून द्यायची. बोलणं कधी कमी झालं, ते मात्र आजही सांगता येत नाही. पुढे डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून बोलत नाहीत?" तेव्हा आई आणि मी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. दुसऱ्या कुठल्याही घरात माणसाची वाचा जायला लागली असती तर दोन दिवसांत बोंबाबोंब झाली असती. आपल्या घरात तुम्ही अंगठा ओठाला लावला की चहा येत होता, कानामागे बोटं नेली की मी येत होते. स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही मूठ हलवायचात आणि आई भाकरी वाढायची. आम्ही हसायचो सुद्धा. "ह्ये घरात बी मागावरच हाईत," आई म्हणायची. तुम्हीही हसायचात. त्या हसण्यामागे काय होतं, याचा विचार करायला लागले की मला आजही बसवत नाही.

मग मला बघायला निपाणीचे पाहुणे आले. मुलगा, त्याची आत्या आणि त्याचे वडील. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. मी तुम्ही विणलेली साडी नेसले होते, मोरपिशी, आणि आयुष्यात पहिल्यांदा आंबाडा घातला होता. नेमकी वीज गेली. सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले आणि एवढी शांतता झाली की आत्याबाईंच्या बशीतले पोहे चावल्याचं ऐकू यायला लागलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "पाहुणं, मूळ गाव कंचं म्हणायचं तुमचं?" तुम्ही नुसते हसलात. मग ते म्हणाले, "बरं, लेक किती शिकलीया?" तुम्ही कानामागून दोन बोटं खाली ओढलीत. त्यांनी माझ्या आंबाड्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं. "शिक्षाण इचारतोय वो आम्ही, येण्या न्हवं." तुमच्या कपाळावर घाम आला होता. काहीतरी करायला हवं म्हणून तुम्ही अंगठा ओठाला लावून त्यांच्याकडे बघत मान हलवलीत. चहा घ्या, असं तुम्ही म्हणत होता. निपाणीत त्या खुणेला चहा म्हणत नाहीत. ते तडकन उठले. "दिसाउजेडी पाजाय बसला व्हय आमाला? आन् मुकं असल्याचं आधी सांगाय नको?" पोहे तसेच राहिले. मुलगा दारातून एकदा मागे वळून बघत होता, तुमच्याकडे, माझ्याकडे नव्हे.

ते गेल्यावर आईचा तोल सुटला. "तोंडात मूग धरून बसलासा व्हय? पोरीचं जमत आलतं की वो! एक शबुद फुटंना तुमच्या तोंडातनं?" तुम्ही तोंड उघडलंत. मी समोर होते, मला तुमची जीभ दिसत होती, ती हलत होती. "धोटा," तुम्ही म्हणालात. मग मान जोरात हलवलीत, हे नव्हे, हे नव्हे, आणि पुन्हा म्हणालात, "धोटा. धोटा." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून तेवढाच एक शब्द येत होता. आई होती तिथेच खाली बसली. तेवढ्यात वीज आली. गल्लीतले माग एका पाठोपाठ एक सुरू झाले, आणि आप्पा, तुमच्या चेहऱ्यावर एवढी सुटका दिसली मला. तुम्ही टॉवेल उचललात, कपाळाला बांधलात आणि मागाच्या खोलीत निघून गेलात. तिथे तुम्हाला कुणी काही विचारणार नव्हतं.

दवाखान्यातले दिवस मला सलग आठवत नाहीत. मेंदूचा फोटो काढला. डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला खेटून मोठी गाठ आहे, दिसते तरी वाईटच, असं डॉक्टर म्हणाले. कॅन्सर हा शब्द त्यांनी हळू आवाजात उच्चारला आणि आईने पदर तोंडात कोंबला. ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले ते चक्रावलेले होते. म्हणाले, ती गाठ नव्हतीच. जुनं रक्त होतं. मेंदूत एका जागी शिरांचा बारीक गुंता असतो, त्यातून कधीतरी थोडं रक्त झिरपतं. शरीर त्याच्याभोवती पिशवी विणतं, म्हणजे ते पसरू नये. (विणतं हा माझा शब्द, ते तयार करतं म्हणाले.) पण त्या पिशवीच्या कातडीतल्या शिरा कोवळ्या असतात, त्यासुद्धा झिरपतात, पिशवी फुगते, पुन्हा कातडी जाड होते, पुन्हा झिरपतं. असं वर्षानुवर्षं चालतं. आईने एवढंच विचारलं, "म्हंजे कॅन्सर न्हाय?" "नाही." आईने मला बाजारात पिटाळलं, कुंदा आणायला लावला आणि अख्ख्या वॉर्डात वाटला. शेजारच्या खाटेवरच्या कन्नड आजीला तिने स्वतःच्या हाताने भरवला. आम्ही एवढ्या खूश होतो की तुम्ही शुद्धीवर येऊन आमच्याकडे बघताय, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. तुमचे ओठ हलत होते आणि धोटा एवढंसुद्धा येत नव्हतं.

बोलणं परत आलं नाही. ती जागा फार दिवस दाबली गेली होती म्हणे. वर उजवा हातही लुळा पडला. खुणा सगळ्या उजव्या हाताच्या होत्या, त्या तुम्ही डाव्या हाताने करायला लागलात, पहिलीच्या पोराने अक्षरं गिरवावीत तशा. कात्रीची बोटं एकमेकांना चिकटायची. माझ्या वेण्या मात्र तुम्हाला डाव्या हाताने लवकर जमल्या. महिन्याभराने निपाणीचे दिवाणजी परत आले, लेकाला घेऊन. त्यांना कुणीतरी खरं काय ते सांगितलं होतं. दारातच हात जोडून उभे राहिले. "चुकलं पाहुणं आमचं. लई वंगाळ बोललो." तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत. मग डावा अंगठा ओठाला लावलात. ते हसले, रडले, आणि खाली बसून म्हणाले, "घेऊ की वो. साखर जादा टाकाय सांगा." असं माझं लग्न ठरलं. पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. पिशवी काढली होती, पण तो शिरांचा गुंता कुठेतरी थोडा उरला होता, आणि ह्या खेपेला तो थेंब थेंब झिरपला नाही, एकदम फुटला. कुणी काही करू शकलं नाही. हे वाक्य तेव्हा सगळ्यांनी आम्हाला सांगितलं आणि मला त्याचा संताप यायचा. आता मी तेच वाक्य स्वतःला सांगते.

कारण आता माझी पाळी आहे. टिळकवाडीच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. नववीच्या वर्गात उभी होते, हातातल्या वस्तूचं नाव येईना. पांढरी, लांबट, रोज हातात असते ती. मी ती वर धरून मुलींकडे बघत राहिले. मुली आधी हसल्या, मग गप्प झाल्या. वाटलं, फळ्यावर लिहावं, तर अक्षरंही जुळेनात, नुसत्या रेघा. थोड्या वेळाने सगळं परत आलं आणि पहिला शब्द आला तो खडू. मी हसण्यावारी नेलं. पण घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याला ते आपलं घर, ते पोहे, ती शांतता आठवली असणार. फोटो काढला. तीच बाजू, जवळपास तीच जागा. तुमच्यापेक्षा लहान, पण पिशवी तीच. डॉक्टर तरुण आहेत, पडद्यावर मला नीट दाखवलं. काही घराण्यांत हे उतरतं म्हणाले. लेकीचाही फोटो काढून घेतला, तिचं डोकं स्वच्छ निघालं, एवढं एक दान पदरात पडलं. माझी पिशवी तशीच ठेवली तर ती फुगत जाणार आणि एक दिवस तुमच्यासारखं होणार. काढली तर काढताना बोलणं जाऊ शकतं. किती जाईल, परत येईल का, हे उघडल्याशिवाय सांगता येत नाही म्हणतात. मी पन्नास प्रश्न विचारले आणि सगळ्यांचं उत्तर तेवढंच आलं. नवरा पुण्याला, हुबळीला, ओळखीच्या ओळखीला फोन लावत बसतो. कणकुंबीकडचा कुणी झाडपाल्याचं औषध देतो, तेही त्याने आणून ठेवलंय. मी काहीच करत नाही. सोमवारी ऑपरेशन आहे. मी घर झाडते, वह्या तपासते, आणि शब्द वापरून घेते, आंबे नासायच्या आत खाऊन टाकावेत तसे.

रात्रीच्या जेवणानंतर मी दोघांना तुमच्या खुणा शिकवते. लेक म्हणते, "मम्मी, मोबाईलवर टाईप कर की." मी तिला फळ्यावरच्या रेघांचं सांगितलं. त्यानंतर ती निमूट शिकते. नवऱ्याला दोनच आधीपासून येत होत्या, चहा आणि माझ्या वेण्या. माझे केस कधीच कापलेले आहेत, तरी तो मला चिडवताना कानामागून बोटं ओढतो. कात्री, मूठ, पंजा, सगळं दोघांना येऊ लागलं. मग परवा लेकीने विचारलं, "दुखतंय हे कसं सांगायचं?" मी हात उचलला आणि तो तसाच राहिला. मला आठवेना. मला वाटलं, हेही त्या पिशवीनेच खाल्लं.

ते विचारायला काल मी वडगावला गेले, आप्पा. आई मागाच्या खोलीतच लसूण सोलत बसली होती. मी तुमच्या जागेवर उभी राहिले आणि विचारलं, "आई, डोकं दुखलं की आप्पा काय खूण करत होतं गं?" तिने लसूण खाली ठेवला. हात दोनतीनदा उचलून बघितला. कात्री केली, मोडली. मूठ केली, मोडली. मग म्हणाली, "न्हवतीच गं त्याची खूण. मागावर कुनाला दुखून चालतंय व्हय?" आप्पा, सुताला होती, कांडीला होती, मालकाच्या दाढीला होती. तुमच्या दुखण्याला नव्हती. तुमचे शब्द एकेक करून जात होते, आणि जी एक बोली तुमच्याजवळ शिल्लक होती तिच्यात हे सांगायची जागाच नव्हती. तुम्ही सांगितलं नाही म्हणून मी तुमच्यावर इतकी वर्षं मनातल्या मनात रागावत होते. तुम्ही कशाने सांगणार होता? टॉवेल बांधत होता आणि गाठ ओढत होता. काल घरी येऊन मी लेकीला तेच शिकवलं. दोन्ही हात डोक्यामागे न्यायचे आणि गाठ ओढायची. तिने करून बघितलं आणि एकदम माझ्या गळ्यात पडली. मी तिला गप्प करू शकले नाही.

रहाट. त्या चाकाला रहाट म्हणायचे. आत्ता आठवलं.

हे कागद कुठे पाठवायचे ते मला माहीत नाही. कपाटात साड्यांच्या तळाशी ठेवीन, तुम्ही विणलेल्या मोरपिशी साडीखाली. आईच्या हाती लागू नयेत एवढंच, ती एकेक अक्षर जुळवत का होईना, पण वाचते. आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. काल आईने मला विचारलं, "आज कशी आठवन झाली गं खुनांची?" मी म्हटलं, शाळेत कार्यक्रम आहे, मुलींना दाखवायचंय. तिने पुन्हा लसूण हातात घेतला. पण मी निघताना, मी अजून तुमच्या जागेवर उभी असताना, तिने भुवया उंचावल्या आणि लसणाचा वास येणारी दोन बोटं माझ्यासमोर कात्रीसारखी उघडमीट केली. त्या मुक्या खोलीत, एवढ्या वर्षांनी. मी पंजा आडवा धरला आणि इकडून तिकडे हलवला. चालू आहे. आईने पंजाकडे बघितलंच नाही, माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली, आणि मग अंगठा ओठाला लावून चहा टाकायला उठली. आप्पा, त्या बोलीत मी पहिल्यांदाच खोटं बोलले.